‘जाऊ द्या बाई’ माझ्यापुढं चालणार नाही

“जाऊ द्या बाई, तीन हजारांसाठी कोण मागं लागतंय?” काल तू हे बोललास तेव्हा घरात पाहुणे होते, म्हणून मी गप्प बसले. आज पाहुणे नाहीत. माझं बोलून होईपर्यंत मध्ये तोंड घालायचं नाही.

तुझी हकीकत मी नीट ऐकलीय. फवारणीचा बॅटरी पंप ऑनलाइन मागवलास. पत्ता बारामती एमआयडीसीतल्या तुझ्या कंपनीचा दिलास, कारण इंदापूर तालुक्यातल्या तुमच्या वस्तीवर कुरिअरवाला येत नाही, तुम्हालाच डांबरी रस्त्यापर्यंत बोलावून घेतो. पंप गावी नेलास. डाळिंबाच्या दोन ओळी होतायत तोवर बॅटरी बसली, परत चार्जिंग धरेना, आणि टाकीच्या बुडातून औषध पाठीवर ठिबकायला लागलं. मुदतीत असताना ॲपवर परतीची विनंती टाकलीस, ती मंजूर झाली, न्यायला येण्याची तारीख आली आणि कोणी आलं नाही. दुसऱ्या तारखेला तू रजा टाकून खोकं घेऊन गेटवर बसलास. संध्याकाळी मोबाईलवर शेरा आला, ‘ग्राहक उपलब्ध नव्हता’. पुढच्या तारखेलाही तेच. मग विनंती आपोआप रद्द झाली आणि ‘परतीची मुदत संपली’ असं उत्तर मिळालं. इथपर्यंत तुझ्यावर अन्याय झाला, हे मी मानते. त्यानंतर जे झालं ते तुझ्या हातून झालं, आणि बोलायचंय ते त्याबद्दल.

आधी पहिल्या तारखेचं बघू. त्या दिवशी तुझी पहिली पाळी होती, मोबाईल लॉकरमध्ये होता आणि सुट्टी झाल्यावर त्यावर अनोळखी नंबरचा मिस्ड कॉल दिसला, हे तूच बोलण्याच्या ओघात सांगितलंस. म्हणजे त्या दिवसाचा दोष तुझ्याकडं येतो. तरी गावभर तू ‘तीनदा फसवलं’ असं सांगत फिरतोस. हे बंद कर. तक्रार करणाऱ्यानं आपल्याविरुद्धची गोष्ट आधी आपल्या तोंडानं सांगावी. समोरचा वकील ती शोधून काढणारच आहे, आणि त्यानं काढली की तुझी बाकीची खरी वाक्यंसुद्धा संशयात येतात.

पुढच्या दोन तारखांचं मात्र तसं नाही. तुमच्या गेटवर येणारा प्रत्येक पार्सलवाला रजिस्टरात नाव, वेळ आणि सही करतो. कुरिअरवाला आला होता आणि तू सापडला नाहीस, असं त्यांचं म्हणणं असेल तर त्या पानावर त्याची सही पाहिजे. ती नाही. तुझ्या फोनच्या नोंदीत त्या दोन्ही दिवशी एकही कॉल नाही. गेटवर कॅमेरा आहे. सुरक्षारक्षक दिवसभर तुझ्याशेजारी बसलेला होता. एवढा पुरावा तुझ्या हाताशी होता आणि तू रजिस्टरच्या पानाचा साधा फोटो काढला नाहीस! कॅमेऱ्याचं जुनं चित्रण ठरावीक काळानं पुसलं जातं, हे कारखान्यात नोकरी करणाऱ्या माणसाला मी सांगायचं? ॲपवरचा तो शेरा विनंती रद्द झाल्यावर दिसेनासा झाला, त्याचाही स्क्रीनशॉट तुझ्याकडं नाही. लग्नातल्या जेवणाचे शंभर फोटो आहेत मोबाईलमध्ये, आणि ज्याच्या जोरावर पैसे परत मिळायचे तो एक नाही.

आणि राग काढलास कुणावर? त्या आठवड्यात दुसऱ्याचं पार्सल घेऊन आलेल्या पोरावर. चारचौघांत त्याला वाटेल ते बोललास, अंगावर धावून गेलास. तो तुझा पंप न्यायला नेमलेला होता का, हे विचारलंस? खोटा शेरा त्यानं मारला की हबमध्ये बसलेल्या दुसऱ्या कुणी, की संध्याकाळी उरलेली सगळी कामं एका फटक्यात बंद करून टाकायची तिथली रीतच आहे, हे तुला ठाऊक होतं? भिगवण रोडवर, इंदापूर रोडवर भर उन्हात पाठीवर पोतं लादून ही पोरं फिरतात. बहुतेकांना पार्सलमागं पैसे मिळतात. परतीचं पार्सल म्हणजे खोकं उघडा, नंबर जुळवा, फोटो काढा, ओटीपी घ्या. वेळ जास्त आणि हाती तेवढंच. त्यांना एका दिवसात न उरकणारी यादी देणारा वर बसलेला आहे आणि त्याच्यापर्यंत तुझा आवाज एकदाही गेला नाही. तू ज्याच्यावर धावून गेलास तो पोरगाही कुठल्यातरी शाळेत बाकावर बसलेला मुलगा आहे. त्याला शोधून त्याची माफी माग. हे मी सुचवत नाहीये, सांगतेय.

मग दुसरं शहाणपण. कंपनीचा नंबर ॲपमध्ये न बघता इंटरनेटवर ‘कस्टमर केअर’ शोधलंस आणि वर दिसेल तो फिरवलास. समोरच्या माणसानं ‘रिफंड देतो, मोबाईलवर आलेला आकडा सांगा’ म्हटलं आणि तू सांगायला निघाला होतास. बायकोनं फोन हिसकावला म्हणून वाचलास. परताव्यासाठी तळमळणारी माणसं हेरूनच हे भामटे असे खोटे नंबर पेरून ठेवतात. पैसे परत देणाऱ्याला तुझा ओटीपी लागत नाही, यूपीआयचा पिन तर नाहीच नाही. आपल्या तालुक्यात कुणाच्या खात्यातून असे पैसे गेले असतील तर त्याच क्षणी १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करायला सांग. तासभर गेला तरी पैसे पुढच्या खात्यांत पसरतात.

यानंतर तू जो ईमेल पाठवलास तो मी वाचला, आणि वाचताना मला लाज वाटली. ‘पाच लाख नुकसानभरपाई चोवीस तासांत द्या, नाहीतर बघून घेतो.’ पाच लाख कुठून आणलेस? कुठला हिशेब केलास? ऑर्डरचा क्रमांक त्या ईमेलमध्ये नाही, पंपात काय बिघाड आहे ते नाही, कुठल्या तारखांना वाट बघितलीस ते नाही. धमकी तेवढी आहे. असं पत्र वाचणारा माणूस ते बाजूला सारतो आणि त्याला दोष देता येत नाही.

भरपाई मागण्यात गैर काही नाही, हे नीट ऐक. १९९३ मध्ये लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की सामान्य माणसाला जो छळ आणि मनस्ताप सोसावा लागतो त्याचीही भरपाई ग्राहक न्यायालय देऊ शकतं. पण त्याच न्यायालयानं २००४ मध्ये गाझियाबाद विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात हेही बजावलं, की सगळ्यांना एकाच मापानं भरपाई देता येत नाही. प्रत्येक प्रकरणात काय नुकसान झालं, कसं झालं, हे तपासून आकडा ठरवायचा. तुझं नुकसान काय? पंपाची किंमत. बिनपगारी रजेचे दोन दिवस, जे तुझ्या पगारपत्रकात दिसतात. गावाहून खोकं घेऊन आलास त्याचं एसटीचं भाडं. फवारणी खोळंबू नये म्हणून शेजाऱ्याचा पंप भाड्यानं घेतलास, त्याची चिठ्ठी लिहून घेतली असतीस तर तेही. आणि या सगळ्या हेलपाट्यांचा त्रास, त्याचा एक समंजस आकडा. डाळिंबाचा बहर गेला, बाग गेली, असलं काही लिहायचं नाही, कारण बाग जागेवर आहे आणि मी ती परवा रस्त्यावरून पाहिलीय.

आता ‘तीन हजारांसाठी कोण मागं लागतंय’ याचं उत्तर. तुझ्यासारखा प्रत्येक जण हेच म्हणतो, हे या ऑनलाइन विकणाऱ्यांना पक्कं माहीत आहे. माल पोचवायला ज्या पिनकोडवर माणूस मिळतो, तोच माल परत न्यायला त्याच पिनकोडवर मिळत नाही. पुण्यात कोथरूडला दुसऱ्या दिवशी न्यायला येतात आणि लासुर्ण्याला, निमगाव केतकीला, बावड्याला ‘तुमच्या भागात ही सेवा नाही, स्वतः पाठवा’ म्हणतात. विकताना सेवा होती. पैसे घेताना होती. आपण गप्प बसतो म्हणून ही रीत झालीय.

ग्राहकाचा कायदा आपल्या हाती कसा आला, हे मी तुम्हाला वर्गात शिकवलं होतं. याच पुणे जिल्ह्यात, पुणे शहरात, १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत उभी केली. त्या काळी दुकानदारानं खराब माल दिला तर गिऱ्हाइकाला दारातून हाकलत. त्यांनी माणसं गोळा केली, ते गावोगाव फिरले, ग्राहकाला स्वतःचा कायदा हवा म्हणून वर्षानुवर्षं मागणी लावून धरली. २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली, म्हणून त्या तारखेला राष्ट्रीय ग्राहक दिन. तो धडा तुला तोंडपाठ होता. परीक्षेत लिहिलास, गुण घेतलेस, आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा ‘जाऊ द्या’!

आताचा कायदा २०१९ चा, २० जुलै २०२० पासून लागू झालेला. ऑनलाइन खरेदीचे वेगळे नियम त्याच महिन्यात आले. त्यातलं तुझ्या उपयोगाचं सांगते. माल सदोष असेल, किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देता येत नाही. प्रत्येक ऑनलाइन बाजारानं तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचं नाव आणि संपर्क आपल्या ॲपवर दाखवला पाहिजे. तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात झालं पाहिजे. प्रत्येक तक्रारीला टिकिट क्रमांक दिला पाहिजे. विक्रेता कोण हे कळत नाही म्हणून हातपाय गाळलेस ना? खरेदीनंतर ग्राहकानं लेखी मागितलं तर विक्रेत्याचा पूर्ण पत्ता आणि संपर्क देणं त्या बाजारावर बंधनकारक आहे. तू मागितलाच नाहीस.

ॲपनं घातलेली सात-दहा दिवसांची परतीची मुदत म्हणजे तुझ्या हक्काची मुदत नव्हे. शिवाय तू त्या मुदतीत विनंती केली होतीस आणि त्यांनी ती मंजूरही केली होती. नंतरचा उशीर त्यांच्या माणसानं केला. कुरिअर कंपनीला तू नेमलेलं नाहीस, तिला काम बाजारानं किंवा विक्रेत्यानं दिलं. तेव्हा ‘कुरिअरवाल्याला विचारा’ हे उत्तर ऐकून घ्यायचं नाही. न्यायला यायचं कबूल करून न येणं ही सेवेतील त्रुटी, आणि सदोष माल परत न घेणं ही कायद्यानं अनुचित व्यापारी प्रथा ठरवलेली आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडं जायला दोन वर्षांची मुदत असते, तुझे अजून थोडेच महिने गेलेत.

दरखेपेस ग्राहकाला हात हलवत परत यावं लागतं असंही नाही. २०२४ मध्ये मुंबई उपनगरच्या जिल्हा आयोगापुढं एका महिलेचं प्रकरण होतं. तिनं मागवलेली पेयाची भुकटी बनावट वाटली, तिनं ती परत घ्या म्हटलं, तर ‘या वस्तूला परतीची सोय नाही’ असं उत्तर मिळालं. परतीची सोय न ठेवता माल विकणं हीच अनुचित प्रथा आहे, असं आयोगानं ठरवलं. मालाचे साडेचार हजारांच्या आसपासचे पैसे आणि वर दहा हजार भरपाई द्यायला सांगितलं. तिचा आकडा तुझ्या आकड्याहून फार मोठा नव्हता. ती शेवटपर्यंत थांबली.

तुझी एक शंका मला रास्त वाटली. पंप शेतीसाठी घेतला, म्हणजे धंद्यासाठी, मग मी ग्राहक कसा? स्वतःच्या कष्टावर पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू कायदा धंद्यात धरत नाही. २०१२ मध्ये नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं, बियाणं विकत घेणारा शेतकरी ग्राहकच आहे, असा निकाल दिलाय. घरच्या चार ओळी डाळिंबाला फवारणारा तुझा बाप व्यापारी ठरत नाही.

बाकीच्या शंका आळशीपणाच्या होत्या. ‘अटींमध्ये बेंगळुरूचं न्यायालय लिहिलंय.’ असू दे. तक्रारदार जिथं राहतो किंवा नोकरी करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. तू राहतोस इंदापूर तालुक्यात, नोकरी बारामतीत, दोन्ही पुणे जिल्ह्यात. ‘पुण्याला खेटे कोण घालणार?’ तक्रार ई-जागृती या सरकारी संकेतस्थळावरून घरबसल्या दाखल होते, १ जानेवारी २०२५ पासून ते सुरू आहे. सुनावणी व्हिडिओवर घ्या असा अर्ज करता येतो. ‘फी कुठून भरू?’ दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. ‘वकील?’ सक्तीचा नाही, स्वतः उभं राहता येतं. निकाल तीन महिन्यांत, माल तपासायला प्रयोगशाळेत पाठवावा लागला तर पाच महिन्यांत लावावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो, ते मी लपवणार नाही. म्हणूनच त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदव. फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं, सकाळी आठ ते रात्री आठ चालू असते. कित्येक कंपन्या तिथून कळवलेल्या तक्रारी मिटवतात, मग आयोगापर्यंत जायची गरजच राहत नाही.

आता ज्या गोष्टीनं माझं डोकं फिरलंय ती. काल निघताना तू सहज बोलून गेलास, की वडील अजून अधूनमधून तोच पंप वापरतात, ‘थोडं चार्जिंग धरतो ना’. अरे, त्या टाकीतून विषारी औषध पाठीवर ठिबकतं हे तूच सांगितलंस ना? सत्तरीचा माणूस तो. घामानं भिजलेल्या सदऱ्यातून ते कातडीत जातं. फवारणीच्या विषबाधेनं २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात शेतकरी-शेतमजूर दगावले, तू तेव्हा पेपर वाचत नव्हतास का? तीन हजार गेले तर गेले म्हणणारा तू, म्हाताऱ्याच्या पाठीवर तो पंप चढवायची परवानगी देतोस आणि वर मोठ्या मनाचा आव आणतोस. पंप वापरात राहिला की ‘माल चालू आहे’ असं म्हणायला त्यांना जागा मिळते, ते वेगळंच. आणि तूच तक्रार केली नाहीस तर असले गळके पंप आणखी कुणाकुणाच्या पाठीवर जातील? २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं दर्जाचं चिन्ह नसलेले प्रेशर कुकर विकल्याबद्दल दोन मोठ्या ऑनलाइन बाजारांना प्रत्येकी एक लाख दंड केला, ते कुकर परत मागवून ग्राहकांचे पैसे द्यायचा आदेश दिला. धोक्याच्या मालाची तक्रार अशी दूरवर पोचू शकते.

तो पंप आज घरी गेल्यावर धुऊन, वाळवून, चार्जरसकट मूळ खोक्यात घाल. मेकॅनिककडं उघडायला नेऊ नकोस, उघडला की दोष कुणाचा यावर वाद सुरू होतो. खोक्यावरचा नंबर, बॅटरीवरचा नंबर, गळणारी जागा, सगळ्याचे फोटो आणि तारखेसकट एक व्हिडिओ. उद्या पाळी सुटल्यावर कंपनीच्या मॅनेजरला लेखी अर्ज दे, त्या दोन दिवसांच्या गेट रजिस्टरची प्रत मिळावी आणि चित्रण शिल्लक असेल तर जपून ठेवावं असा. सुरक्षारक्षक तयार असेल तर त्याचं शपथपत्र घे, जबरदस्ती करू नकोस, त्याची नोकरी आहे.

आणि आता वही काढ, पत्र लिहून घे. तक्रार निवारण अधिकाऱ्याला उद्देशून. ऑर्डर क्रमांक, खरेदीची तारीख, भरलेली रक्कम. दोष दोन ओळींत. परतीची विनंती कधी केली, कधी मंजूर झाली. पहिल्या तारखेला मी कामावर असल्यानं फोन घेऊ शकलो नाही, हे स्पष्ट लिही. दुसऱ्या आणि तिसऱ्या तारखेला अमुक वेळेपासून अमुक वेळेपर्यंत गेटवर थांबलो, कोणी आलं नाही, फोन आला नाही, तरी खोटा शेरा मारला गेला, गेट रजिस्टरची प्रत सोबत. मागणी : किंमत परत, रजेचे दोन दिवस, प्रवासखर्च, त्रासाबद्दल वाजवी रक्कम, आणि माल न्यायची नवी तारीख वेळेसह लेखी. विक्रेत्याचा पूर्ण पत्ता द्यावा. महिन्यात निवारण झालं नाही तर पुणे जिल्हा ग्राहक आयोगाकडं जाईन. बघून घेतो वगैरे शब्द नकोत. हेच पत्र छापून स्पीड पोस्टानंही पाठव आणि पावती याच वहीत चिकटव.

लिहिलंस? वाच बघू मोठ्यानं. ‘अमुक वेळ’ अशीच काय ठेवलीस? वेळ आठवून घाल.